फॉस्फेट बफरमध्ये फॉस्फटेज गप्प का बसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पदव्युत्तर प्रकल्पासाठी तुम्ही अल्कलाइन फॉस्फटेज (फॉस्फेटचा गट पाण्याने तोडून काढणारे एन्झाइम) शुद्ध केले. पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट, म्हणजे आपले नेहमीचे पीएनपीपी, घालून ट्रिस बफरमध्ये पीएच ९ ला मोजले की छान पिवळा रंग चढतो. तेच एन्झाइम पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेट असलेल्या खारट बफरमध्ये, पीएच ७.४ ला टाकले की जवळपास काहीच होत नाही. मार्गदर्शक म्हणाले, "फॉस्फेट इनहिबिट करते" (म्हणजे एन्झाइमला अडवते), आणि विषय तिथेच थांबला. त्याखाली तुम्ही आणखी दोन शंका जोडल्या आहेत. कायनेज, फॉस्फटेज, फॉस्फोरिलेज ही मंडळी डोक्यात एकमेकांत मिसळतात. आणि एटीपीचा (पेशीच्या ऊर्जावाहक रेणूचा) बंध एवढा "उच्च ऊर्जेचा" असेल तर एटीपी बाटलीत आपोआप फुटत का नाही?

मला हे तीन वेगळे प्रश्न वाटत नाहीत. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: फॉस्फेटचा गट कोणाकडून निघतो, कोणाकडे जातो आणि वाटेत कशाने अडतो. फॉस्फेटचे कोणतेही एन्झाइम समोर आले की मी विद्यार्थ्यांना आधी हेच विचारते. याचे उत्तर देता आले तर नावे, इनहिबिटर आणि बफरची निवड या गोष्टी वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. तुमचे एन्झाइम ई. कोलायचे आहे, वासराच्या आतड्याचे आहे की आणखी कशाचे, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्यावर पीएचचा उच्चांक, फॉस्फेटला होणारा अडथळा आणि मॅग्नेशियमची गरज, सगळेच बदलते. जिवाणूचे एन्झाइम साधारण पीएच ८ च्या आसपास खुलते, आतड्याचे त्याहून बऱ्याच वर, ९.८ च्या जवळ. सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करते तो पदार्थ (इथे पीएनपीपी), किती घातले आणि एन्झाइम कोणत्या बफरमध्ये साठवले होते, हेही कळले पाहिजे. तरी तुम्ही जे पाहिले त्याचा सांगाडा सगळीकडे सारखाच असतो, म्हणून उत्तर देता येते.

सुरुवात रसायनापासून करू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. फॉस्फेट मोनोएस्टर, म्हणजे एकाच गटाला जोडलेले फॉस्फेट, पाण्यात फुटायला ऊर्जेच्या हिशेबाने तयार असतो. ग्लुकोज-६-फॉस्फेट घ्या: त्याच्या जलापघटनाची प्रमाणित मुक्त ऊर्जा उणे १३.८ किलोज्यूल प्रति मोल. म्हणजे उतार आहे, आणि गोष्ट त्या दिशेने जायला हवी. पण ती जात नाही. एन्झाइमशिवाय, खोलीच्या तापमानाला, दोन ऋणभार असलेला असा मोनोएस्टर निम्मा फुटायला लागणारा काळ सुमारे एक लाख कोटी वर्षे इतका निघतो. रिचर्ड वुल्फेंडेन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हे मोजमाप प्रसिद्ध केले. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, हे शेजारी ठेवून पाहा. आणि हेच काम चांगले फॉस्फटेज सेकंदाच्या छोट्या अंशात उरकते. वेगातला फरक एकावर एकवीस शून्ये एवढ्या पटींचा आहे. एन्झाइमे काय करू शकतात याचे याहून मोठे उदाहरण मला तरी सापडलेले नाही, आणि दरवर्षी शिकवताना मला त्याचे तितकेच आश्चर्य वाटते.

एवढी अडचण कशाची? फॉस्फेटवरच्या ऋणभाराची. पाण्याचा रेणू किंवा हायड्रॉक्साइड फॉस्फरसच्या अणूपर्यंत पोहोचायला बघतो, पण भोवतीचे ऑक्सिजन ऋणभारित असतात आणि ते त्याला लांब ठेवतात. फ्रँक वेस्टहाइमर यांनी १९८७ मध्ये हाच मुद्दा फार सुंदर मांडला: फॉस्फेट दोन गटांना जोडून ठेवू शकते आणि तरीही त्याच्यावर एक ऋणभार शिल्लक राहतो. त्या ऋणभारामुळे डीएनएचा कणा पाण्यात टिकतो, आणि चयापचयातले लहान रेणू पेशीच्या पडद्यातून बाहेर निसटत नाहीत. टिकाऊपणा आणि फुटण्याची तयारी या दोन्ही गोष्टी एकाच गटात असल्याने पेशीला एन्झाइमच्या बळावर "आता फोड, आता नको" असे ठरवता येते.

याची उलटी बाजू आर्सेनेट दाखवते. आकाराने आणि भाराने ते फॉस्फेटच्या इतके जवळ आहे की ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डीहायड्रोजनेज त्यालाही स्वीकारते. पण तयार होणारा आर्सेनेटचा रेणू पाण्यात टिकत नाही, लगेच आपोआप फुटतो. ग्लायकोलिसिस (ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवण्याची साखळी) पुढे चालत राहते, मात्र त्या पायरीवर मिळणारे एटीपी हातातून जाते. टिकाऊपणा काढून घेतला की ऊर्जेचा हिशेब कसा कोसळतो, ते इथे स्वच्छ दिसते.

आता तुमच्या एन्झाइमकडे. ई. कोलायच्या अल्कलाइन फॉस्फटेजच्या ॲक्टिव्ह साइटमध्ये, म्हणजे अभिक्रिया घडते त्या जागेत, दोन झिंक आयन, जवळच एक मॅग्नेशियम, १०२ क्रमांकाचे सेरिन आणि १६६ क्रमांकाचे आर्जिनिन (ही दोन्ही अमिनो आम्ले) असते. झिंक आणि आर्जिनिन मिळून फॉस्फेटच्या ऋणभारित ऑक्सिजनना धरून ठेवतात, म्हणजे वर सांगितलेली अडचणच निकामी करतात. मग सेरिन फॉस्फरसवर हल्ला करते, नायट्रोफिनॉल सुटते आणि फॉस्फेट काही क्षण सेरिनलाच जोडलेले राहते. दुसऱ्या टप्प्यात झिंकने सज्ज केलेला पाण्याचा रेणू येतो, सेरिनवरचे फॉस्फेट काढतो आणि मोकळे फॉस्फेट जागेवरच बसलेले उरते. ते सुटून बाहेर गेले की साइट रिकामी होते.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. जी जागा फॉस्फेट एस्टर पकडण्यासाठी घडली आहे, ती मोकळे फॉस्फेटही तितक्याच आवडीने पकडते. जिवाणूच्या या एन्झाइममध्ये तर अल्कलाइन पीएचला सगळ्यात सावकाश पायरी हीच असते: मोकळे फॉस्फेट साइट सोडून जाणे. बाहेरच्या द्रावणात आधीच भरपूर फॉस्फेट असेल तर एक बाहेर पडते आणि दुसरे आत येऊन बसते. सब्स्ट्रेटला आत शिरायला जागा मिळत नाही. यालाच आपण स्पर्धात्मक अडथळा म्हणतो. जिवाणूच्या दृष्टीनेही हे बरोबर जुळते. ई. कोलाय हे एन्झाइम मुबलक बनवते ते बाहेर फॉस्फेटची टंचाई असताना. फॉस्फेट मिळायला लागले की ते बनवणेही आवरते आणि बनलेले एन्झाइमही फॉस्फेटनेच दबते.

याचा हिशेब एकदा हाताने करून पाहा, म्हणजे "इनहिबिट करते" हे वाक्य खरे किती मोठे आहे ते कळेल. पीबीएसमध्ये फॉस्फेट साधारण १० मिलिमोलर असते. उदाहरणापुरते धरू की तुमच्या एन्झाइमचा पीएनपीपीसाठी केएम (सब्स्ट्रेटच्या ज्या प्रमाणाला वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ते) ५० मायक्रोमोलर आणि फॉस्फेटसाठी केआय (अडथळा किती घट्ट बसतो याचे माप; लहान तितका घट्ट) तेवढाच, ५० मायक्रोमोलर आहे. (तुमचे खरे आकडे वेगळे असतील; ते मोजायचे कसे हे पुढे सांगते.) स्पर्धात्मक अडथळ्यात केएम एक अधिक फॉस्फेट भागिले केआय इतक्या पटींनी फुगतो. १० मिलिमोलर म्हणजे १०,००० मायक्रोमोलर. भागिले ५० म्हणजे २००. त्यात एक मिळवून २०१. ५० मायक्रोमोलरचा केएम दिसायला १० मिलिमोलरच्या थोडा वर गेला. आता सब्स्ट्रेट १ मिलिमोलर घातले असेल तर फॉस्फेट नसताना एन्झाइम आपल्या कमाल वेगाच्या ९५ टक्क्यांवर धावेल, आणि पीबीएसमध्ये ९ टक्क्यांवर.

पण तुम्ही "जवळपास काहीच नाही" म्हणता, ९ टक्के म्हणत नाही. कारण पीबीएसमध्ये नेताना तुम्ही एका वेळी एक गोष्ट बदललेली नाही. पीएच बदलला, बफर बदलला आणि रंगही बदलला.

रंगाचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पिवळा रंग असतो तो आयनरूपातल्या पॅरा-नायट्रोफिनॉलचा, आणि त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनरूपात असतात तो) सुमारे ७.१५ आहे. पीएच ९ ला जवळजवळ सगळे नायट्रोफिनॉल आयनरूपात, म्हणजे पिवळे असते. पीएच ७.४ ला त्यातले जेमतेम ६४ टक्के पिवळे दिसते, बाकीचे, रंग मोजतात त्या ४०५ नॅनोमीटरला, जवळपास अदृश्य. तेव्हा वरचे ९ टक्के वाचताना ६ टक्क्यांच्या आसपास दिसतील, आणि एन्झाइमला त्याचा उच्चांक सोडून खालच्या पीएचला यावे लागले ते वेगळेच. पीएच ५ ला तर एक टक्कासुद्धा रंग दिसत नाही. म्हणून ॲसिड फॉस्फटेज मोजताना शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड घालतात. त्याने अभिक्रिया थांबते आणि जमलेले नायट्रोफिनॉल एकदम रंगते. वेगवेगळ्या पीएचची तुलना करायची असेल तर तुम्हीही प्रत्येक नळीत ठरावीक वेळेला सोडियम हायड्रॉक्साइड घालून मगच वाचा. नाहीतर तुम्ही एन्झाइमचा वेग मोजत आहात की नायट्रोफिनॉलचे आयनीभवन, हेच सांगता येणार नाही.

दुसरी बाजू ट्रिसची. ट्रिस इथे तटस्थ प्रेक्षक नाही. सेरिनवर बसलेले फॉस्फेट पाण्याऐवजी ट्रिसच्या हायड्रॉक्सिल गटाकडेही जाऊ शकते. तसे झाले की मोकळे फॉस्फेट सुटण्याची ती रेंगाळणारी पायरी टळते आणि एकूण वेग वाढतो. डायइथेनॉलअमीन आणि रक्ततपासणीच्या पद्धतीत वापरतात ते एएमपी बफर (एटीपीच्या घराण्यातले एएमपी नव्हे, एक अमिनो अल्कोहोल) ही त्याच जातीची बफरे. म्हणून एन्झाइमच्या कुपीवर "डीईए युनिट" किंवा "ग्लायसिन युनिट" असे वेगळे लिहिलेले असते. एकाच कुपीतले एन्झाइम या दोन बफरांमध्ये वेगवेगळे आकडे देते. सांगायचा मुद्दा, तुमची तुलना एका बाजूला वेग चढवणारे बफर आणि दुसऱ्या बाजूला वेग दाबणारे बफर अशी झाली. दोन्ही टोके ताणलेली होती.

हे पारखायचा एक सुरेख मार्ग आहे. ट्रिसमधल्या अभिक्रियेत सुटलेले नायट्रोफिनॉल मोजा आणि त्याच नळीतले मोकळे फॉस्फेटही मोजा. सगळे फॉस्फेट पाण्याकडे गेले असेल तर दोन्ही समान येतील. नायट्रोफिनॉल जास्त आणि फॉस्फेट कमी आले तर तो फरक ट्रिसकडे गेलेला आहे. ही दोन मापे एका कागदावर शेजारी लिहिली की "फॉस्फेट कोणाकडे गेले" हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

मोकळे फॉस्फेट मोजायची पद्धत म्हणजे मॉलिब्डेट. आम्ल द्रावणात फॉस्फेट मॉलिब्डेटशी जुळते, मग त्याचे क्षपण केले की निळा रंग येतो. सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी १९२५ मध्ये ही पद्धत इतकी नेटकी करून दिली की तिची रूपे आजही वापरात आहेत. ती वापरताना एक धडा त्यांच्याच कामातून घ्या. स्नायूच्या अर्कात फॉस्फेट मोजताना त्यांना दिसले की निळा रंग एकदम न येता सावकाश चढत राहतो. त्यांनी ते पद्धतीचा दोष म्हणून झटकले नाही. आम्लात आणि मॉलिब्डेटच्या सान्निध्यात कोणता तरी नाजूक रेणू हळूहळू फुटून फॉस्फेट देतो आहे, हे त्यांनी ओळखले, आणि त्यातून १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन हाती लागले. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की मॉलिब्डेट घातल्यावर वाचन ठरावीक वेळेलाच घ्या आणि एन्झाइम नसलेली, पण सब्स्ट्रेट असलेली नळी कायम शेजारी ठेवा. फॉस्फेट बफरमध्ये मात्र ही पद्धत वापरूच नका. १० मिलिमोलरच्या पार्श्वभूमीवर काही मायक्रोमोलरची भर शोधणे व्यर्थ आहे.

फॉस्फेट लपूनही येते, हे ध्यानात ठेवा. समजा, तुम्ही एन्झाइम ५० मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये साठवले आणि त्यातले १० मायक्रोलिटर १ मिलिलिटर ट्रिसमध्ये टाकले. कागदावर लिहिताना तुम्ही "ट्रिस बफर" लिहाल, पण क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) ५०० मायक्रोमोलर फॉस्फेट गेले. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर वेग ९५ वरून ६५ टक्क्यांवर येतो. शुद्धीकरणाच्या एका टप्प्यावर ॲक्टिव्हिटी "हरवते" आणि डायलिसिसनंतर परत मिळते, ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. त्यात बहुतेक वेळा एन्झाइम कधी गेलेलेच नसते. अभिक्रियेतही फॉस्फेट जमतेच. ४०५ नॅनोमीटरला नायट्रोफिनॉलचा मोलर शोषणांक सुमारे १८,००० आहे. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषण ०.५ आले म्हणजे २८ मायक्रोमोलर नायट्रोफिनॉल सुटले, आणि ट्रिसकडे गेलेले वगळता तेवढेच फॉस्फेटही. सब्स्ट्रेट भरपूर असेल तर याने बिघडत नाही. पण केएम काढण्यासाठी तुम्ही सब्स्ट्रेट मुद्दाम कमी घेता, तिथे हे २८ मायक्रोमोलर जाणवतात आणि आलेख लवकर वाकतो. म्हणून पहिल्या सरळ तुकड्याचाच चढ घ्या.

फॉस्फेटशिवाय अडथळ्याची आणखी दोन कारणे तपासून ठेवा. पहिले ईडीटीए, धातूचे आयन पकडणारे रसायन. ते झिंक ओढून घेते आणि एन्झाइम हळूहळू मरते. या एन्झाइमच्या रक्ततपासणीसाठी ईडीटीएच्या नळीतले रक्त चालत नाही, ते याचमुळे. शुद्धीकरणाच्या बफरमध्ये प्रोटिएज आवरायला ईडीटीए घातले असेल तर ते आधी काढून टाका आणि थोडे झिंक व मॅग्नेशियम परत द्या. दुसरे, हे आयन फॉस्फेट बफरमध्ये देऊ नका. झिंक आणि मॅग्नेशियम फॉस्फेटबरोबर साका देतात, अल्कलाइन पीएचला तर हमखास. त्या गढूळपणाने ४०५ ला शोषण वाढते, आणि ते ॲक्टिव्हिटीसारखे दिसून फसवते. क्युव्हेट उजेडाकडे धरून पाहायची सवय ठेवा.

आता नावांचा गोंधळ. पुन्हा तोच प्रश्न: देणारा कोण, घेणारा कोण? फॉस्फटेजमध्ये देणारा एस्टर आणि घेणारे पाणी. कायनेजमध्ये देणारे बहुधा एटीपी आणि घेणारा साखरेचा, प्रथिनाचा किंवा आणखी कशाचा गट. फॉस्फोरिलेजमध्ये तर एटीपीचा संबंधच नाही. तिथे मोकळे फॉस्फेट स्वतः येऊन बंध तोडते. ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज ग्लायकोजेनच्या टोकाचे ग्लुकोज पाण्याऐवजी फॉस्फेटने सोडवते, म्हणून हातात ग्लुकोज-१-फॉस्फेट येते, साधे ग्लुकोज नाही. पेशीचे एक एटीपी वाचते आणि साखर पेशीतून बाहेरही जात नाही. म्युटेजमध्ये देणारा आणि घेणारा एकाच जातीचा रेणू असतो; उदाहरणार्थ फॉस्फोग्लुकोम्युटेजमध्ये फॉस्फेट ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवरून सहाव्यावर जाते, इतकेच. पायरोफॉस्फटेज दोन फॉस्फेटची जोडी पाण्याने तोडते, आणि डीएनए बांधणीसारख्या अभिक्रिया मागे फिरू नयेत यासाठी तिचे हे काम मोलाचे आहे.

गोंधळ खरा होतो तो एका घराण्यात सगळे भेटल्यावर. ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजच्याच १४ व्या सेरिनवर फॉस्फोरिलेज कायनेज एटीपीचे फॉस्फेट बसवते, आणि एक प्रथिन फॉस्फटेज ते पाण्याने काढते. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५५ च्या सुमारास हे उलगडले. १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या एका उदाहरणात तिन्ही एन्झाइमे आहेत आणि तिघांचे देणारे-घेणारे वेगळे आहेत. वहीत ते एकदा बाण काढून लिहा. मोकळे फॉस्फेट फक्त दोन ठिकाणी येते: फॉस्फोरिलेजकडे आत जाताना आणि फॉस्फटेजकडून बाहेर येताना.

कायनेजबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हेक्झोकायनेजच्या भोवती पाणी ५५ मोलर आहे आणि ग्लुकोज काही मिलिमोलर. पाण्यालाही हायड्रॉक्सिल आहे. मग एटीपीचे फॉस्फेट पाण्याकडे का जात नाही? कारण ग्लुकोज आत बसल्यावरच एन्झाइमचे दोन भाग मिटतात, ॲक्टिव्ह साइट पुरती जुळते आणि पाणी बाहेर राहते. ग्लुकोज नसताना एटीपी फुटण्याचा वेग लाखो पटींनी कमी असतो. एटीपी वाया जाऊ न देणे हे कायनेजचे अर्धे काम आहे, असे मी मानते.

यातूनच एटीपीच्या शंकेचे उत्तर निघते. बंध तोडायला ऊर्जा लागतेच; कोणताही बंध तुटताना ऊर्जा "आतून" बाहेर पडत नाही. एटीपी आणि पाणी यांच्या तुलनेत एडीपी आणि फॉस्फेट अधिक स्थिर आहेत, आणि आपण मोजतो तो हा फरक. शेजारचे ऋणभार लांब होतात, मोकळ्या फॉस्फेटवर भार अधिक पसरतो, पाणी त्यांना चांगले वेढते. प्रमाणित मूल्य उणे ३०.५ किलोज्यूल, पेशीत एडीपीच्या मानाने एटीपी खूप जास्त राखलेले असल्याने प्रत्यक्षात उणे ५० च्या आसपास. फॉस्फोइनॉलपायरुव्हेटचे उणे ६१.९ आणि फॉस्फोक्रिएटिनचे उणे ४३.१ पाहिलेत तर एटीपी यादीच्या मधोमध आहे हे दिसेल. म्हणूनच ते वरच्यांकडून फॉस्फेट घेऊ शकते आणि ग्लुकोजसारख्या खालच्यांना देऊ शकते. बाटलीत ते टिकते त्याचे कारण वर आलेच: उतार आहे, पण फॉस्फरसपर्यंतची वाट ऋणभारांनी अडवलेली आहे. आम्लात ती वाट थोडी मोकळी होते, म्हणून डायसोडियम एटीपीचे द्रावण, जे मुळात आम्ल असते, तटस्थ करूनच गोठवा.

आता करायचे काय? ट्रिसच्या जागी एखादे कमी दखल देणारे बफर घ्या, आणि त्याच बफरमध्ये, एकाच पीएचला, सोडियम फॉस्फेट ०, ५०, २०० मायक्रोमोलर, १ आणि १० मिलिमोलर असे चढते घाला. फॉस्फेटबरोबर क्षारांचे एकूण प्रमाण वाढते, तेव्हा त्याच ताकदीचे सोडियम क्लोराइड असलेली एक नळीही ठेवा. पीएनपीपी निदान चार वेगवेगळ्या प्रमाणांत घ्या. फॉस्फेट वाढले तरी कमाल वेग कायम राहून केएम फुगत गेला तर अडथळा स्पर्धात्मक आहे, आणि केआय त्याच आलेखातून मिळेल. कमाल वेगही घसरला तर फॉस्फेटला दोष देण्याआधी झिंकचा विचार करा. पेशींचा अर्क वापरत असाल तर त्यात मुळातच काही मिलिमोलर फॉस्फेट असते. आधी छोट्या जेल-गाळणीच्या कॉलममधून काढा.

पीबीएसमध्येच काम करणे भाग असेल, उदाहरणार्थ अल्कलाइन फॉस्फटेज जोडलेली अँटिबॉडी वापरत असाल, तर धुण्याच्या शेवटच्या फेऱ्या ट्रिस-सलाइनने करा आणि मगच सब्स्ट्रेट घाला. आणि कधी तुम्हाला फॉस्फटेज चालू नको असेल, प्रथिनांवरचे फॉस्फेट जपायचे असेल, तर हेच ज्ञान उलट वापरता येते. टायरोसिनवरच्या फॉस्फेटसाठी व्हॅनॅडेट, सेरिन-थ्रिओनिनसाठी फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. व्हॅनॅडेट फॉस्फेटच्या संक्रमण अवस्थेसारखा आकार घेऊन साइटमध्ये बसते, पण ते पीएच १० ला उकळून रंगहीन करून घ्यावे लागते, आणि ईडीटीए किंवा डीटीटी (एक क्षपणकारक) यांच्या संगतीत निकामी होते.

हे प्रयोग केल्यावर एन्झाइमचा स्रोत, साठवणीचे बफर आणि फॉस्फेटच्या प्रत्येक पातळीवरचे सुरुवातीचे वेग इथे लिहा. केआय एकत्र बसून काढू.